बर्फावरचा पतंग

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या 'रविवारच्या गप्पा' या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. माझं सगळं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथ मशीनच्या आवाजात गेलं. तिथं दोन वाक्यांच्या वर कुणी बोलत नाही, बोललं तर ऐकू येत नाही. पण सेक्रेटरीसाहेबांनी गच्चीवर गाठलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही अमेरिकेत बर्फावर पतंग बघून आलाय म्हणे. त्यावरच बोला." नाही म्हणायची सोय ठेवली नाही. बोलायचंच आहे तर एक गोष्ट अशीही सांगणार आहे, जी मी तीन वर्षं कुणाला सांगितलेली नाही. ती शेवटी येईल. आधी पतंग.

पतंग आपल्याला नवा नाही. माझे आजोबा गावाकडं वावडी उडवायचे. मुलांनो, वावडी म्हणजे मोठाच्या मोठा पतंग. आजोबांची वावडी माणसाच्या उंचीची होती, आणि तिला मांजा नाही, जाड सुतळी. माळावर वारा भरला की ती एकट्याला आवरायची नाही. दोघं-तिघं दोर धरायचे, आणि दमले की दोर बाभळीच्या बुंध्याला बांधून भाकरी खायला बसायचे. आता वावड्या उडवत नाहीत, नुसत्या उठवतात. आपल्या सोसायटीत पार्किंगवरून किती उठल्या, ते पंचवीस वर्षांच्या रहिवाशांना मी सांगायला नको.

तर या वावडीला जी ओढ असते, ती वापरून माणसानं स्वतःला ओढून घ्यायचं, हा झाला पॉवर काईटचा खेळ. ही कल्पना काही आजकालची नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल गावात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८२६ साली पतंगानं ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. घोडा नाही, बैल नाही, पुढं आभाळात पतंग आणि मागं गाडीत माणसं. त्या काळी तिथं रस्त्यावरचा टोल गाडीला किती जनावरं जुंपलीत त्यावर ठरायचा. यांच्या गाडीला जनावरच नाही, मग टोलही नाही! (हशा) हसताय, कारण टोल म्हटलं की कोल्हापूरकराचे कान टवकारतातच. आपण तो आंदोलन करून घालवला, मास्तरांनी पतंगानं घालवला.

आता मी कुठं आणि कसा बघितला ते सांगतो. माझी मुलगी आणि जावई विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन गावी असतात. गावाला लागून मेंडोटा नावाचा तलाव आहे, जवळजवळ चाळीस चौरस किलोमीटरचा. आपल्या रंकाळ्याची सवय असलेल्या माणसाला तो समुद्रच वाटतो. साधारण डिसेंबर-जानेवारीत तो गोठतो. मी फेब्रुवारीत गेलो, तेव्हा त्याच्यावर माणसं चालत होती, पोरं खेळत होती, आणि काही जण बर्फाला भोक पाडून शेजारी स्टूल टाकून मासे धरत बसले होते. मी पहिल्या दिवशी काठावरून एक पाय टाकला आणि मागं घेतला. जावई म्हणाले, "मामा, स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ चार इंच जाड असला की माणूस चालू शकतो. इथं आज फूटभर आहे." पांढरा, दुधाळ बर्फ मात्र तितका भरवशाचा नसतो, तो दुप्पट जाड लागतो. आणि जिथं नदीचं वाहतं पाणी तलावात येतं, तिथं बर्फ पातळ राहतो. तिथं नारिंगी झेंडे लावलेले होते. रात्री थंडी वाढली की तो सगळा तलाव आवाज करतो. बर्फ ताणतो, तडकतो, आणि लांबवर तोफ उडाल्यासारखं ऐकू येतं. पहिल्या रात्री मी उठून बसलो होतो.

त्या तलावावर जावई पतंग खेळायचे. ते मूळचे इकडचेच, लहानपणी गल्लीत काटाकाटी केलेले. त्यामुळं तिथं गेल्यावर हा नाद लागला यात नवल नाही. पण हा पतंग कागदाचा नाही. नायलॉनच्या कापडाचा, आणि पुढच्या कडेला तोंडं असलेल्या पिशव्या एकाला एक शिवाव्यात तशी त्याची रचना असते. वारा त्या तोंडांतून आत शिरला की तो फुगून विमानाच्या पंखासारखा ताठ होतो. काडी नाही, कामटी नाही. वीस-पंचवीस मीटरच्या चार दोऱ्या, आणि त्या येतात एका आडव्या दांडीला. तिला ते बार म्हणतात. कमरेला जाड पट्टा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. पतंगाची मुख्य ओढ त्या पट्ट्यावर येते, हातावर नाही. हातानं फक्त बार पुढं-मागं करायचा. पायात स्की, डोक्याला हेल्मेट. गळ्यात एक दोरी आणि तिच्या दोन टोकांना मुठीत मावतील असे दोन टोचे. बर्फ फुटून पाण्यात पडलं तर ते बर्फात रोवून वर यायचं. ते टोचे बघितल्यावर मला कळलं, की हा खेळ काही गंमत नाही.

आता थोडं गणित. उद्यमनगरातला माणूस गणिताशिवाय गप्प बसत नाही. वारा दुप्पट झाला की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. पाच चौरस मीटरचा पतंग धरा, म्हणजे आपल्या दोन मोठ्या सतरंज्यांएवढा. ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर एका जागी धरलेला तो पतंग साधारण दहा किलोनं ओढेल. वारा चाळीस झाला, की ओढ चाळीस किलो. साठ झाला, की नव्वद. म्हणजे मी त्याला धरलेलं नाही, त्यानं मला धरलंय. शिवाय पतंग आभाळात एका जागी उभा नसतो. तो झपकन या बाजूनं त्या बाजूला गेला, तर त्याच्या स्वतःच्या वेगानं त्याला लागणारा वारा आणखी वाढतो, आणि तेवढ्यापुरती ओढ कितीतरी पट होते. आणि तिथली हवासुद्धा जड. शून्याखाली पंधरा अंशांची हवा आपल्या उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं जड असते. वारा तोच, धक्का जास्त.

मग इतकी ओढ सोसून माणूस वाऱ्याबरोबर वाहून का जात नाही? बैलगाडीचं चाक चाकोरीत असलं की गाडी पुढं जाते, आडवी सरकत नाही. स्कीची कड बर्फात रुतवली की तसंच होतं. पतंग एका बाजूला ओढतो, कड आडवं सरकू देत नाही, मग माणूस पुढं सुटतो. घसरण इतकी कमी, की चांगले खेळाडू वाऱ्यापेक्षाही जोरात जातात. पण सगळं त्या कडेवर. कड सुटली की संपलं.

पतंगाची जागाही महत्त्वाची. वारा पाठीवर घेऊन उभं राहा. पतंग अगदी डोक्यावर असला की ओढ कमी. डाव्या-उजव्या टोकाला असला तरी कमी. आणि बरोबर समोर, खाली आला, की सगळा जोर. म्हणून जाणकार माणूस पतंग डोक्यावर नेऊन थांबतो आणि मग विचार करतो.

ही तलावाची गोष्ट झाली. पण बर्फ, वारा आणि पतंग यांचं खरं घर म्हणजे अंटार्क्टिका. तिथं उंच पठारावरची थंड, जड हवा उतारावरून समुद्राकडं घसरत येते, आणि किनाऱ्याजवळ तिचं वादळ होतं. बोर्ग औसलँड नावाच्या नॉर्वेच्या माणसानं १९९६-९७ साली ते खंड एकट्यानं पार केलं. ६४ दिवस, सुमारे २,८४५ किलोमीटर. सामानाची घसरगाडी मागं बांधलेली, आणि वारा सोयीचा असेल तेव्हा पुढं पतंगासारखं शीड. आपणही त्या वाऱ्याला काही अगदीच परके नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्या शेजारच्या गोव्यातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली, नागपूरच्या अदिती पंत होत्या. तिथं पाय ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी त्या एक. दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता. आज तिथं आपली मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं आहेत. मुलींनो, हे लक्षात ठेवा.

आता येतो त्या दिवसाकडं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. सकाळी वारा वीस-पंचवीसचा. जावयांनी पाच मीटरचा पतंग लावला. दोन तास इतकं सुंदर चाललं होतं की मी थंडी विसरलो. काठावर त्यांचा एक मित्र होता, वयानं माझ्याएवढा, तिथलाच. पुष्कळ वर्षं हा खेळ खेळलेला. त्याच्या हातात वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र. अकराच्या सुमारास वारा चढायला लागला. मध्येच झोत यायचे. त्यानं यंत्र मला दाखवलं. आकडा चाळीसच्या वर, आणि झोत पन्नासच्या पुढं. त्यानं काही न बोलता स्वतःचा पतंग खाली घेतला, गुंडाळला आणि पिशवीत घातला. मला म्हणाला, आजच्यापुरतं झालं. शिवाय वाऱ्यानं वरचा भुरभुरीत बर्फ उडून गेला होता आणि खालचा काचेसारखा बर्फ जागोजाग उघडा पडला होता. त्यावर स्कीची कड रुतत नाही. हे मला दिसत होतं. मशीनवर काम केलेला माणूस आहे मी. कुठं पकड आहे आणि कुठं नाही, हे मला कुणी सांगायला लागत नाही.

जावई काठाजवळ आले. पतंग डोक्यावर धरला, आणि हात वर करून मला विचारलं, बास?

माझ्या हातात मोबाईल होता. मला व्हिडिओ काढायचा होता. सकाळपासूनचे दोन्ही व्हिडिओ हलले होते, आणि इथं सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला एक तरी चांगला हवा होता. मी एक बोट वर केलं. अजून एक.

ते वळले. शंभर-दीडशे मीटर गेले असतील, तेवढ्यात झोत आला. कड सुटली. ते आधी थोडे उचलले गेले, मग पाठीवर आपटले, आणि पतंग त्यांना तसंच ओढत घेऊन निघाला. तो मित्र ओरडत होता, सोड, सोड. आता या पतंगाची एक गोष्ट अशी, की बार स्वतःकडं ओढला की पतंगाची ताकद वाढते, आणि बार सोडून दिला की तो पुढं सरकतो आणि ताकद कमी होते. शिवाय पट्ट्याजवळ एक लाल मूठ असते. ती ढकलली की पतंग एकाच दोरीवर राहतो, फडफडतो आणि पडतो. सगळी सोय केलेली. पण पडणारा माणूस काय करतो? जे हातात आहे ते घट्ट धरतो आणि छातीशी घेतो. जावयांनी तेच केलं. जेवढं घट्ट धरलं, तेवढा पतंग जोरात ओढू लागला. मला लांबून ते नारिंगी झेंडे दिसत होते, आणि हे त्या दिशेनं चालले होते.

किती वेळ गेला? मोबाईल चालूच होता, म्हणून मला नेमकं माहीत आहे. अकरा सेकंद. मग बार सुटला, मूठ ढकलली गेली, पतंग पडला. झेंड्यांच्या अलीकडं ते थांबले. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बाकी काही नाही. देवाची कृपा म्हणा, हेल्मेटची म्हणा.

गाडीत ते मला म्हणाले, "मामा, सोडायचं हे कळत होतं. पण हात उघडेनात. लहानपणापासून एकच शिकलोय, काही झालं तरी पतंग हातातनं जाऊ द्यायचा नाही." दवाखान्यात मुलगी आली, घाबरलेली. तिनं विचारलं, एवढ्या वाऱ्यात का गेलात? जावई म्हणाले, "माझीच चूक. थांबायला पाहिजे होतं." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही.

त्या बोटाबद्दल मी घरी कुणाला सांगितलं नाही, हिलाही नाही. (पत्नीकडं बघून) आज कळलं तिला. तो व्हिडिओ मी कुणाला पाठवला नाही, आणि पुसूनही टाकला नाही. आपली स्मरणिका मुलीला पाठवायची आहे, तेव्हा तिलाही कळेल. मी इथं भाषण करायला कबूल झालो ते यासाठी.

मी चाळीस वर्षं पोरांना शिकवत आलो, की मशीन चालू करायच्या आधी लाल बटण कुठं आहे ते बघ. हात तिथं जातो का ते करून बघ. अंधारात जातो का ते बघ. आणि दुसरं, जो मशीनवर उभा आहे त्याला बाजूच्यानं घाई करायची नाही. त्या दिवशी मी बाजूचा होतो. खेळणाऱ्याच्या अंगात वारं असतंच, ते त्याचं कामच आहे. भान ठेवायचं काम काठावरच्याचं. त्यानं मला विचारलं होतं. 'बास' म्हणायला मला काहीच खर्च नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात जावई पुन्हा बर्फावर गेले. मुलीला ते आवडलं नाही, पण तिनं अडवलं नाही. आता त्यांची पद्धत ठरलेली आहे. सुरू करायच्या आधी काठावर, वारा नसताना, दहा वेळा बार सोडायचा आणि दहा वेळा लाल मूठ ढकलायची, हाताला सवय लागेपर्यंत. झोत किती झाला की थांबायचं, तो आकडा घरातून निघतानाच ठरवायचा. बर्फावर गेल्यावर तो वाढवायचा नाही. आणि काठावर एक माणूस नेमायचा. तो 'बास' म्हणाला की वाद नाही. त्याच्या हातात मोबाईल द्यायचा नाही.

हे मी तुम्हाला का सांगतो? आपल्याकडं बर्फ नाही, पण गच्ची आहे. दर संक्रांतीच्या आसपास आपली पोरं पतंग घेऊन वर जातात. कठडा कमरेएवढा, पाण्याच्या टाकीवर चढायची हौस, नजर आभाळात. गेल्या वर्षी एक जण मागं सरकत सरकत कठड्याला टेकला, तेव्हा खाली उभे असलेले आपण मोठेच "ढील दे, ढील दे" म्हणून ओरडत होतो. त्यात मीही होतो. दुसरं म्हणजे नायलॉनचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्याच्यावर देशभर बंदी घातली आहे. तो तुटत नाही, हाच त्याचा दोष. साधा दोरा ताण आला की तुटतो, आणि म्हणून मोटरसायकलवाल्याचा गळा वाचतो आणि पाखराचा पंख वाचतो.

मी कमिटीला तीन गोष्टी सुचवल्या आहेत. गच्चीवर फक्त सुती दोरा. टाकीवर कुणी चढायचं नाही. आणि पतंगाच्या दिवसांत आळीपाळीनं एक मोठं माणूस वर, पतंग न उडवणारं. त्यानं 'बास' म्हटलं की सगळ्यांनी उतरायचं. पहिल्या दिवसाची पाळी माझी लावा. मोबाईल मी घरी ठेवून येईन.

आणि मुलांनो, तुम्ही मघापासून त्या कोपऱ्यातल्या पिशवीकडं बघताय ते मला दिसतंय. जावयांनी दीड मीटरचा शिकाऊ पतंग पाठवला आहे, दोन दोऱ्यांचा. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता, वारा बेताचा असला तर, मागच्या मोकळ्या प्लॉटवर उडवू. पहिली पंधरा मिनिटं उडवायचा नाही, नुसता सोडायची प्रॅक्टिस करायची. कंटाळा येईल. ज्याला चालेल त्यानं यावं.

 बाहेर चहा आणि भडंग ठेवलं आहे.